गाडीचा टेप चालू, पण स्पीकर मुका? नवा घेण्याआधी या क्रमाने तपासा

नवापूर (ता. पालघर) : चावी फिरवली, टेपची लाईट लागली, पडद्यावर गाण्याचं नावही आलं; पण स्पीकरमधून आवाज नाही. किनाऱ्यालगतच्या गावांत ही तक्रार नवी नाही, आणि पावसाळ्यात तर ती हमखास ऐकू येते. नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, मुरबे या पट्ट्यात मासळी वाहणारे पिकअप आणि छोटा हत्ती आहेत, तारापूर एमआयडीसीच्या पाळ्यांना कामगार नेणाऱ्या ईको आहेत, घरच्या जुन्या गाड्याही आहेत. आवाज बंद झाला की गाडीवाला बोईसर किंवा पालघर गाठतो, "स्पीकर गेला" असं ऐकतो आणि नवीन जोडी बसवून येतो. पुष्कळदा त्या नव्या जोडीतूनही आवाज येत नाही, किंवा येतो आणि आठ-पंधरा दिवसांत जातो. कारण दोष स्पीकरमध्ये नव्हताच.

शेताला पाणी पोचलं नाही तर कोणी लगेच नवी मोटार आणत नाही. आधी लाईट आहे का बघतात, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग पाइप कुठे फुटलाय का. मोटार वर काढायचं काम सगळ्यात शेवटी. गाडीच्या आवाजाचंही तसंच आहे. फुकटातली तपासणी आधी, पाच-दहा रुपयांची वस्तू त्यानंतर आणि हजारांचा खर्च शेवटी. हा क्रम पाळला तर बहुतेक वेळा दोष घरीच सापडतो. आणि क्रम सोडून वायरींशी खेळ केला तर नुकसान फक्त स्पीकरचं होत नाही, गाडीच पेटू शकते.

आवाज कुठून कुठे जातो

गाडीतल्या आवाजाला चार टप्पे असतात. पहिला, गाणं जिथून येतं तो: मोबाईल, पेनड्राइव्ह किंवा एफएम. दुसरा टेप, म्हणजे डॅशबोर्डमधली म्युझिक सिस्टीम. गाण्याचा बारीक सिग्नल मोठा करायचं काम तिच्यात होतं. तिसरा, टेपपासून दरवाजापर्यंत गेलेल्या वायरी आणि मधले कपलर. चौथा स्पीकर.

स्पीकरच्या आत मागे लोहचुंबक असतं आणि त्याच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते, तिला कॉईल म्हणतात. कॉईलला कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकू चिकटवलेला असतो. वायरीतून करंट आला की कॉईल पुढे-मागे हलते, शंकू हवेला ढकलतो आणि आवाज होतो. चारपैकी कुठलाही एक टप्पा तुटला की परिणाम एकच, गाडी गप्प. म्हणून आवाज नाही याचा अर्थ स्पीकर जळाला असा लगेच घ्यायचा नाही.

समुद्राकाठी हे जास्त का होतं

खाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे कपलरच्या पिना आणि उघड्या तारा वरून कोरड्या दिसल्या तरी आतून दमट राहतात. तांब्यावर हिरवट थर चढतो, लोखंडाला गंज लागतो, ॲल्युमिनियमवर पांढरी पावडर येते. हवेत आम्लाचा अंश असेल तर तांबं आणखी लवकर काळं पडतं. हा थर वीज नीट जाऊ देत नाही. आधी आवाज बारीक होतो, मग खरखर येते, मग तो येतो-जातो, आणि एक दिवस बंद होतो.

मासळीच्या गाड्यांचं आणखी वेगळं आहे. बर्फाचं खारट पाणी गळतं, रोज पाइप लावून गाडी धुतली जाते आणि ते पाणी दरवाजात, पायाखालच्या चटईत शिरतं. त्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या असतात तशा बऱ्याच गाड्याही उभ्या राहतात. उभ्या गाडीची बॅटरी उतरते आणि उंदीर वायरी कुरतडतात. ऑगस्टमध्ये गाडी बाहेर काढली की टेप गप्प असतो. अशा वेळी टेपच्या मागे जायच्या आधी बॉनेट उघडून आणि सीटखाली वाकून उंदराच्या लेंड्या, कुरतडलेली वायर दिसते का ते बघावं.

पायरी पहिली : हत्यार न लावता दहा मिनिटं

१) एफएम लावून बघा. एफएमचा आवाज आला, निदान स्टेशनांच्या मधली खरखर ऐकू आली, तरी टेप, वायर आणि स्पीकर तिन्ही ठीक आहेत. दोष मोबाईल किंवा पेनड्राइव्हकडे आहे.

२) मोबाईल ब्लूटूथने जोडला असेल तर मोबाईलचा आवाजही वाढवा. फोनवर कॉलचा आवाज वेगळा आणि गाण्याचा वेगळा असतो. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये त्या गाडीच्या नावासमोर फक्त कॉल चालू आणि मीडिया बंद असेल तर फोनवरचं बोलणं स्पीकरमधून ऐकू येईल, गाणं नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाचा मोबाईल आधीच जोडला गेलाय का, तेही बघा.

३) टेपवर म्यूट दाबलं गेलंय का बघा. काही टेप कॉल आला की आपोआप म्यूट होतात आणि तसेच अडकतात. चावी काढून दोन-तीन मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा.

४) बॅलन्स आणि फेडर तपासा. बॅलन्स म्हणजे आवाज डावीकडे किती आणि उजवीकडे किती; फेडर म्हणजे पुढे किती आणि मागे किती. पोरांच्या हाताने फेडर पूर्ण मागे गेला आणि मागे स्पीकरच नसतील, तर गाडी मुकी वाटणारच. दोन्ही मध्यावर आणा.

एवढ्यात आवाज परत आला तर प्रश्न मिटला. नाही आला तर पुढे जायचं.

पायरी दुसरी : एक गप्प की सगळे गप्प?

पुढची सगळी दिशा या एका प्रश्नावर ठरते. फेडर आणि बॅलन्स एकेका कोपऱ्यात नेऊन चारही स्पीकर वेगवेगळे ऐका.

एकच स्पीकर गप्प असेल तर दोष बहुतेक त्याच दरवाजात आहे. त्याची वायर, त्याचा कपलर नाही तर तो स्पीकर. टेप आणि फ्यूजकडे जायची गरज नाही.

सगळे गप्प आणि टेपची लाईटही नाही, तर करंटच येत नाही. फ्यूज, बॅटरी किंवा टेपमागचा कपलर बघायचा.

सगळे गप्प, पण टेपची लाईट चालू, तर तीन शक्यता आहेत. टेपमधला आवाज मोठा करणारा भाग गेला, वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर तो बंद आहे, किंवा कुठल्या तरी एका स्पीकरची वायर सोलून गाडीच्या पत्र्याला लागली आहे. या तिसऱ्या प्रकारात बरेच टेप स्वतःला वाचवण्यासाठी सगळाच आवाज बंद करतात. एका दरवाजातल्या सोललेल्या वायरीने चारही स्पीकर गप्प होतात ते असे.

पायरी तिसरी : फ्यूज

गाडीचा फ्यूज बॉक्स बहुतेक वेळा स्टिअरिंगखाली ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ असतो आणि दुसरा बॉनेटखाली. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज कशाचा ते छापलेलं असतं. ऑडिओ, रेडिओ असं लिहिलेलं शोधा. टेपला दोन ठिकाणांहून करंट येतो. एक कायमचा, ज्यावर टेपची आठवण टिकते. दुसरा चावी फिरवल्यावर येणारा. अनेक गाड्यांत कायमचा करंट आतल्या छताच्या दिव्याच्याच फ्यूजवर असतो. म्हणून टेपबरोबर तो दिवाही बंद असेल तर फ्यूजवर संशय घ्या. काही गाड्यांत मोबाईल चार्जर लावायचं सॉकेट आणि टेप एकाच फ्यूजवर असतात. हलका चार्जर शॉर्ट झाला की टेपही जातो. बाजारातून बसवलेल्या टेपच्या मागच्या बाजूलाही बहुतेक वेळा एक वेगळा फ्यूज असतो.

चावी बंद करून फ्यूज सरळ ओढून काढा आणि उजेडात धरा. आतली पट्टी तुटलेली किंवा काळी पडलेली दिसली तर फ्यूज उडालाय. नवा तेवढ्याच अँपिअरचा घ्या. फ्यूजवर आकडा असतो आणि रंगही ठरलेला असतो : १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. शेतातल्या मोटारीच्या पेटीत फ्यूज उडाला की जाड तार घालायची सवय अनेकांना आहे. तीच सवय गाडीत येते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तारेचा तुकडा किंवा १० च्या जागी ३० चा फ्यूज. टेप लगेच चालू होतो म्हणून माणूस खूश होतो. पण फ्यूज उडाला तो कुठेतरी शॉर्ट होतं म्हणून. तो शॉर्ट अजून तिथेच आहे. आता उडायला फ्यूज नाही, म्हणून वायर तापते. वायरीचं प्लास्टिक वितळतं, शेजारच्या वायरी चिकटतात आणि डॅशबोर्डच्या आत धूर सुरू होतो. पेट्रोल किंवा सीएनजीच्या गाडीत पुढे काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. नवा फ्यूज लावल्याबरोबर पुन्हा उडाला तर तिसरा लावायचा नाही. शॉर्ट शोधायचा किंवा वायरमनकडे जायचं.

पायरी चौथी : दरवाजाची वायर

एकच स्पीकर गप्प असेल तर तपासणी इथून सुरू करा. दरवाजा आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये, बिजागरीजवळ, एक रबरी नळी असते. तिच्यातून स्पीकरची, काचेच्या मोटारीची, लॉकची वायर जाते. दरवाजा जितक्या वेळा उघडतो-मिटतो तितक्या वेळा ही वायर वाकते. दिवसातून पन्नास वेळा माणसं चढ-उतार करणाऱ्या ईकोत किंवा मालाच्या गाडीत ती काही वर्षांत आतून तुटते. वरचं प्लास्टिक शाबूत असतं, त्यामुळे बघून कळत नाही.

ओळखायची सोपी रीत आहे. गाणं लावा, बॅलन्स त्या बाजूला न्या आणि दरवाजा सावकाश उघडा-मिटा. रबरी नळी हाताने थोडी हलवा. आवाज क्षणभर आला आणि गेला, तर वायर तुटलीय हे नक्की. त्याच दरवाजाची काच किंवा लॉकही अधूनमधून बंद पडत असेल तर शंकाच नको.

तुटलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळली तर खाऱ्या हवेत ती पुन्हा जाईल. काळी चिकटपट्टी उन्हाने सुटते आणि दमटपणाने चिघळते. जोड सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी बसवावी. ती इलेक्ट्रिकच्या दुकानात फुटावर मिळते. आणि जोड वाकणाऱ्या जागेत न ठेवता थोडी जादा वायर घालून दरवाजाच्या किंवा बॉडीच्या आत सरकवावा. वाकणाऱ्या जागी सोल्डर केलेला जोड लवकर मोडतो.

पायरी पाचवी : स्पीकरची खरी परीक्षा

वायर ठीक वाटली तर दरवाजाचं आतलं कव्हर उघडून स्पीकरपर्यंत जावं लागतं. कव्हर प्लास्टिकच्या क्लिपांवर असतं आणि हँडलखाली स्क्रू लपलेले असतात. जोर लावून ओढलं तर क्लिपा तुटतात आणि पुढे दरवाजा कायमचा खडखडतो. सवय नसेल तर हे काम गॅरेजमध्ये करून घ्यावं, पण समोर उभं राहून.

स्पीकर दिसला की आधी डोळ्यांनी बघा. पिनांवर हिरवा थर आहे का? शंकू ओला होऊन फुगलाय किंवा फाटलाय का? मागे लोखंडावर गंज चढून पोपडे आलेत का? पिनेपासून शंकूकडे जाणाऱ्या दोन मऊ, विणलेल्या तारा असतात, त्यातली एखादी तुटलीय का? हिरवा थर आणि तुटलेली मऊ तार हे दोन्ही दोष दुरुस्त होतात, स्पीकर टाकायची गरज नसते.

मग शंकू दोन्ही हातांच्या बोटांनी चारही बाजूंनी सारखा, अलगद आत दाबा. तो हलका जात-येत असेल तर ठीक. घासल्याचा आवाज आला किंवा शंकू हललाच नाही, तर कॉईल चुंबकाला घासतेय किंवा गंजाने अडकलीय. तो स्पीकर गेला समजा.

सेलची परीक्षा : स्पीकरच्या दोन्ही वायरी काढून टाका. वायरी जोडलेल्या असताना ही परीक्षा करायची नाही, करंट उलटा टेपमध्ये जाईल. घड्याळात घालतात तो दीड व्होल्टचा सेल घ्या, दोन लहान वायरींनी स्पीकरच्या दोन पिनांना क्षणभर लावून लगेच काढा. "टक" असा आवाज आला आणि शंकू किंचित हलला तर कॉईल शाबूत आहे. काहीच झालं नाही तर कॉईल तुटलीय. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी यासाठी कधीही वापरू नका, चांगला स्पीकरही जळेल.

मीटरची परीक्षा : साधा मल्टीमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि शेतातल्या कामालाही येतो. तो ओहमवर ठेवून स्पीकरच्या पिनांना लावा. गाडीचे स्पीकर बहुतेक ४ ओहमचे असतात. मीटर साधारण ३ ते ४ दाखवेल, ते बरोबर आहे. मीटरने काहीच दाखवलं नाही, म्हणजे पिना न लावता जे दिसतं तेच दिसलं, तर कॉईल तुटली. शून्याच्या जवळ आला तर कॉईल शॉर्ट आहे, तो स्पीकर पुन्हा जोडायचा नाही. टेप घेऊन जाईल.

वरच्या पट्टीचा आवाज देणाऱ्या लहान ट्विटरला मात्र या दोन्ही परीक्षा लागू होत नाहीत. त्याच्या वायरीत कपॅसिटर असतो, त्यामुळे चांगला ट्विटरही मीटरवर तुटलेला दिसू शकतो.

अदलाबदल : मीटर नसेल तर चालू असलेल्या दरवाजातला स्पीकर काढून बंद दरवाजाच्या वायरीला लावा. तो तिथे वाजला तर जुना स्पीकर गेलेला; तोही गप्प राहिला तर दोष वायरीत किंवा टेपमध्ये. दुकानात नवीन जोडी घ्यायच्या आधी एवढी अदलाबदल करून दाखवा असं सांगायला लाजायचं कारण नाही.

पायरी सहावी : टेप आणि त्याच्या मागच्या वायरी

बाजारातल्या बहुतेक टेपच्या मागे वायरींचे रंग ठरलेले असतात. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली वायर निगेटिव्ह. पिवळी कायमच्या करंटची, लाल चावीची, काळी अर्थिंगची. कंपनीतून आलेल्या गाडीतल्या वायरींचे रंग वेगळे असू शकतात, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबून जोडू नये.

जुन्या जीप आणि ट्रकवर काम केलेले काही मिस्त्री स्पीकरची एक वायर ओढतात आणि दुसरी पत्र्याला लावून टाकतात, वायर वाचते म्हणून. जुन्या कॅसेटच्या टेपला हे चालून जायचं. आताच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींतून सिग्नल येतो. त्यातली एकही पत्र्याला लागली, किंवा चार स्पीकरच्या निगेटिव्ह एकत्र बांधल्या, तर टेप आवाज बंद करतो नाही तर आतला आयसी जळतो. प्रत्येक स्पीकरला टेपपासून स्वतःच्या दोन वायरी हव्यात.

टेप गेला का हे ठरवायला त्याच्या मागच्या सगळ्या स्पीकर-वायरी सोडवा आणि नक्की चालू असलेला एक स्पीकर थेट एका जोडीला लावा. वाजला तर टेप चांगला आहे, दोष गाडीतल्या वायरिंगमध्ये. मग एकेक जोडी परत जोडत जा. ज्या जोडीला आवाज गेला तीच शॉर्ट आहे.

वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर

वूफरसाठी सीटखाली किंवा डिकीत वेगळा ॲम्प्लिफायर बसवलेला असेल तर आधी त्याची लाईट बघा. लाईटच नसेल तर बॅटरीजवळचा त्याचा फ्यूज, अर्थिंग आणि टेपकडून येणारी बारीक निळी-पांढरी वायर तपासा. टेप चालू केल्यावर या वायरीतून १२ व्होल्ट आले तरच ॲम्प्लिफायर जागा होतो. लाल लाईट लागलेली राहिली तर बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये तो शॉर्ट, गरमी किंवा कमी व्होल्टेजमुळे स्वतःला बंद केल्याचा इशारा असतो.

किनाऱ्यावर सगळ्यात आधी अर्थिंग जातं. पत्र्यावरचा रंग न खरवडता मारलेला स्क्रू वर्षभरात गंजतो. अर्थिंगची जागा चकचकीत घासून, बोल्ट आवळून त्यावर ग्रीस लावावं. मात्र तळाच्या पत्र्याला नवीन भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. पेट्रोलचा पाइप, ब्रेकचा पाइप आणि सीएनजीची नळी तिथूनच जाते. बॅटरीपासून येणाऱ्या जाड वायरीचा फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ नको, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा. तो नसेल तर ती पूर्ण वायर वाऱ्यावर सोडल्यासारखी आहे. कुठेही घासली तर आग.

इथे हात लावायचा नाही

पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. ते काढू नका, त्यांना मीटरही लावू नका. स्टिअरिंग, डॅशबोर्ड किंवा सीटखाली काम करायचं असेल तर चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह सोडवा आणि निदान दहा मिनिटं थांबा. त्याआधी टेपला कोड आहे का ते पुस्तकात बघा; बॅटरी काढल्यावर काही कंपनी टेप कोड मागतात.

पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर वायरीचं काम करायचं नाही. दरवाजे उघडून गाडी मोकळ्यावर ठेवा आणि आधी तो वास कशाचा ते बघून घ्या. हातातलं कडं, अंगठी, धातूचं घड्याळ काढून ठेवा.

गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू देऊ नका. त्या मॉडेलचा तयार कपलर मिळतो, तो लावला की कंपनीची वायर शाबूत राहते. कापलेल्या वायरीमुळे त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

पुन्हा गप्प होऊ नये म्हणून

दरवाजाच्या कव्हरमागे पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काचेच्या फटीतून पाणी दरवाजात उतरतच असतं. ते स्पीकरच्या पिनांवर आणि गाडीच्या आत येऊ नये म्हणून हा कागद असतो. काम करताना तो फाडला जातो आणि "याची काही गरज नाही" म्हणून टाकून दिला जातो. पुढच्याच पावसात स्पीकर भिजतो. काम झाल्यावर तो कागद परत लावून घ्या. फाटला असेल तर जाड प्लास्टिक कापून चिकटवा.

दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची लहान भोकं असतात. रेती, चिखल, मासळीची खवलं यांनी ती बुजतात आणि दरवाजात पाणी साठतं. दरवाजा हलवल्यावर आत पाणी डुचमळलं तर समजा भोकं बुजलीत. पावसाळ्याआधी आणि नंतर ती काडीने मोकळी करा.

स्पीकरकडे येणारी वायर थोडी ढिली ठेवून खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली पडेल, पिनेपर्यंत जाणार नाही. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून कोरड्या होऊ द्या. गाडी धुताना दरवाजाच्या आतल्या बाजूवर, डॅशबोर्डवर पाइप मारू नका. ओल्या फडक्याने पुसा. उभ्या गाडीचा टेप आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून पंधरा-वीस मिनिटं वाजवा.

आणि आवाज फाटेपर्यंत वाढवू नका. स्पीकर नुसत्या मोठ्या आवाजाने कमी आणि फाटलेल्या आवाजाने जास्त जळतात. टेपची ताकद संपली की सिग्नल कापला जातो आणि कॉईल तापते. आवाज चिरका झाला की दोन आकडे खाली यायचं.

दुकानात गेल्यावर

घरी तपासणी करून गेलात तर दुकानात "आवाज येत नाही" एवढंच सांगू नका. "मागचा डावा एकटाच गप्प आहे, फ्यूज ठीक आहे, दरवाजा हलवल्यावर आवाज येतो-जातो" असं सांगा. मिस्त्रीचाही वेळ वाचतो आणि नको तो माल गळ्यात पडत नाही. तीन गोष्टी मात्र आधीच ठरवून घ्या. बदललेला जुना स्पीकर परत हातात मिळाला पाहिजे, म्हणजे घरी सेल लावून बघता येतो. जोड सोल्डर करून नळी लावून हवेत. आणि फ्यूज होता त्याच आकड्याचा राहिला पाहिजे. पैसे देण्याआधी फ्यूज काढून त्यावरचा आकडा स्वतः वाचा.